बत्तीस बिटांचा आवाज

प्रिय भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला भलतीच शंका आली असेल, तर आधीच सांगते, बाबांची तब्येत ठणठणीत आहे. हे पत्र रागाचं आहे. फोनवर मी जरा काही बोलायला लागले की तू ‘ताई, एक मिनिट हं’ म्हणतोस आणि ते मिनिट दुसऱ्या दिवशी संपतं. मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. तुझ्या लेखी तो होकार असेल, मला तो ठेंगाच दिसतो. म्हणून कागद घेतला. लॅबमधल्या बायका विचारतात, भाऊ आला होता ना, काय काय करून गेला? मी म्हणते, बाबांचा लॅपटॉप नवा करून गेला. त्यापुढे चकार शब्द काढत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईला ही म्हण कुणी शिकवायला नको. पण तुझ्यासमोर मी गप्प का बसू?

तुला ठाऊक असलेल्याच काही गोष्टी पुन्हा सांगणार आहे, कारण त्या ठाऊक असलेला माणूस असं वागला नसता. बाबांनी उभं आयुष्य शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर काढलं. पायाखाली जादा ब्रेक, मांडीवर हात, आणि तोंडात तीच चार वाक्यं. हं, हळू. क्लच हळू सोड. गाडी कुठे पळून जात नाहीये. आवाज काही गोड नव्हता, थोडा नाकात होता, आणि प्रत्येक वाक्याआधी ते बारीकसं ‘हं’. पण त्या आवाजानं किती लोकांचे थरथरणारे गुडघे थांबवले असतील ते तूही पाहिलंयस. माझेही थांबवले आणि तुझेही. तू भाजीवाल्याच्या हातगाडीवर गाडी घातलीस तेव्हासुद्धा ते ओरडले नव्हते. ‘हं, आता उतर, टोमॅटो उचलू लाग,’ एवढंच म्हणाले होते.

मग गळ्यात ती गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आपण सगळे जीव वाचेल या अर्ध्या वाक्याला धरून बसलो होतो. दुसरं अर्धं फक्त एका बाईनं ऐकलं, ती म्हणजे आवाजवाली. बाबांची जुनी विद्यार्थिनी, लायसनच्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झालेली आणि तरी बाबांनी पिच्छा न सोडलेली. रेकॉर्ड केलेले आवाज कापायचे आणि जोडायचे, हाच तिचा धंदा. ती घरी आली आणि म्हणाली, सर, तुमचा आवाज मी तुमच्याबरोबर जाऊ देणार नाही. ऑपरेशन होईपर्यंत बाबा रोज सकाळी तिच्या खोलीत जाऊन बसायचे. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर रजई, आणि समोर कागदावर वेडीवाकडी वाक्यं. बाबा ती वाचत, आकडे म्हणत, रागावून दाखवत, समजूत घालून दाखवत. मी सोडायला आणि आणायला जायचे. तूही एक दिवस येणार होतास, पण तुझं काम निघालं. त्या सगळ्या तुकड्यांतून तिनं एक प्रोग्राम बनवला. बाबा टाइप करणार आणि लॅपटॉप बाबांच्या आवाजात बोलणार, ‘हं’सकट. बाबांना टाइप करताना स्वल्पविराम द्यायचा कंटाळा, हे ओळखून तिनं दोन स्पेस म्हणजे विराम, असंसुद्धा बसवून दिलं. लॅपटॉपला लावायची एक छोटी चावी दिली, डोंगल. ती लावली की हिरवा दिवा लागतो आणि आवाजाचं कुलूप उघडतं. दवाखान्याच्या खोलीत तो लॅपटॉप पहिल्यांदा बोलला तेव्हा तू तिथेच होतास. तुला फोन आला म्हणून तू बाहेर गेलास. मला काही फोन वाजलेला ऐकू आला नव्हता, पण ते असो.

एवढी वर्षं त्या आवाजावर आमचं घर चाललं. बाबा त्या आवाजात माझ्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, फोनवर चुकीचा नंबर लावणाऱ्याला त्यांनी त्याच आवाजात रस्ता सांगितला. दर शनिवारी लॅपटॉप घेऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायचे. स्कूल आता हॉर्नकाका चालवतात, बाबांचे जुने मदतनीस. आपण त्यांचं ते नाव ठेवलं तेव्हा ते चिडायचे, आता पाटीवरच लिहिलंय. पण रस्त्याचे नियम शिकवायचा तास बाबांचाच. नवीन पोरंपोरी पहिल्या दिवशी लॅपटॉपकडे बघतात, दुसऱ्या दिवसापासून बाबांकडे बघतात. मशीन बोलतंय हे विसरतात. मीही विसरले होते.

आणि मग यंदा तू आलास. आठवडाभर राहिलास, मला किती बरं वाटलं होतं हे आता लिहायचीही इच्छा नाही. बाबांचा लॅपटॉप उघडलास आणि नाक मुरडलंस. हे अजून जुनंच, बत्तीस-बिट आहे? लोक चौसष्टवर जाऊन युगं लोटली, असं काहीतरी बोललास. मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, भुंग्या गुणगुणतोय, गुणगुणू दे. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना तू सगळं पुसलंस आणि लॅपटॉप ज्यावर चालतो ती सिस्टीमच नवी, चौसष्ट-बिटची टाकलीस. संध्याकाळी मी घरी आले तर लॅपटॉप गुळगुळीत तोंड करून बसलेला आणि तू त्याच्यापुढे डोकं खाजवत. प्रोग्राम टाकलास, तो बसला. चावी लावलीस, दिवा लागला नाही. पडद्यावर आलं की या उपकरणाचा ड्रायव्हर या आवृत्तीवर चालणार नाही. तू म्हणालास, बत्तीसचे प्रोग्राम चौसष्टवर चालतातच, किरकोळ काहीतरी असेल, तिकडे गेल्यावर बघतो. ‘तिकडे गेल्यावर बघतो’ हे तुझं वाक्य मी आता दारावर पाटी करून लावणार आहे.

मी विचारलं, बाबांना विचारलंस का? तू म्हणालास, त्यांनी मान हलवली की. भुंग्या, आवाज नसलेला माणूस दुसरं काय हलवणार?

जाताना तू त्यांना एक टॅबलेट देऊन गेलास. त्यात तयार आवाज. स्वच्छ, गोड, कुणाचाच नसलेला. विमा विकायला आलेला माणूस दारात उभा राहून बोलतो ना, तसा. बाबांनी दोन दिवस इमानेइतबारे वापरला. शनिवारी तो घेऊन क्लासला गेले. त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय. बाबांनी नेहमीच्या सवयीनं टाइप केलं, उतारावर न्यूट्रल नको गियर ठेवा. बिनस्वल्पविरामाचं, ‘नको’नंतर दोन स्पेस. त्या विमावाल्याला दोन स्पेसचं काय. त्यानं श्वास घेतला तो न्यूट्रलनंतर. उतारावर न्यूट्रल, नको गियर ठेवा. पुढच्या बाकावरच्या माणसानं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. बाबांनी हात हलवून नाही नाही केलं, पुन्हा टाइप केलं, त्यानं पुन्हा तेच म्हटलं, त्याच गोड आवाजात. एक मुलगी हसली. वाईट मनानं नाही, कुणीही हसलं असतं. बाबांनी टॅबलेट बंद केला, खडू घेतला आणि उरलेला तास फळ्यावर लिहीत राहिले. हात दुखला तेव्हा मध्येच थांबले. घरी येऊन टॅबलेट फ्रिजवर पालथा ठेवला. त्यानंतर कितीतरी शनिवार ते गेले नाहीत. घरात चिठ्ठ्या सुरू झाल्या. मीठ कमी. दार लाव. फोन वाजतोय. आई गेल्यावरही या घरात इतकी शांतता नव्हती, कारण तेव्हा बाबा बोलत होते.

आणि तू अंगठा पाठवत होतास.

वर लॅपटॉप चौसष्टवर जाऊन पळायला लागेल असं तू म्हणाला होतास ना? पळणं राहू दे, तो उठून उभा राहीना. सुरू करून मी आंघोळीला जायचे आणि परत आले तरी तो आपला गोल गोल फिरतच असायचा. चौसष्टला मेमरी जास्त लागते आणि या म्हाताऱ्या मशीनमध्ये ती जेमतेम आहे, हे मला दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. तुझ्यासारख्या माणसाला ते माहीत नसेल हे मला खरंच वाटत नाही. त्या दुरुस्तीवाल्याचंही एकच पालुपद, बत्तीस आता कोण वापरतं, नवीन मशीन घ्या. मी म्हटलं, अहो, नवीन मशीनमध्ये माझे वडील बसत नाहीत. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

शेवटी आवाजवालीला शोधून काढलं. ती आता दुसऱ्या गावी, मुलीकडे असते. हात थरथरतात, पण डोकं कात्रीसारखं. मी पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवताच तिनं दोन मिनिटांत सगळं उलगडलं. म्हणाली, तुझा भाऊ अर्धा बरोबर आहे. प्रोग्राम बत्तीसचा असला तरी चौसष्टवर चालतो. पण चावी ही वस्तू आहे. वस्तूची आणि सिस्टीमची गाठ घालून देणारा जो ड्रायव्हर असतो, तो बत्तीसचा असला तर चौसष्टची सिस्टीम त्याला उंबरा ओलांडू देत नाही. चावी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, चौसष्टचा ड्रायव्हर तिनं काढलाच नाही. तेव्हा चावी चालत नाही, कुलूप उघडत नाही, आवाज नाही. उपाय एकच, पुन्हा बत्तीस टाकायचं. आणि मग तिनं हळूच विचारलं, आवाजाचं फोल्डर आहे ना तुझ्याकडे? तिच्याकडची प्रत वरच्या मजल्यावरची पाण्याची पाइप फुटली तेव्हा गेली होती. म्हणजे बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. पुसायच्या आधी तू ज्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलंस, त्या डिस्कवर. आणि ती डिस्क तू तुझ्या बॅगेत घालून घेऊन गेला होतास.

त्या डिस्कसाठी मी तुझ्यापुढे दाताच्या कण्या केल्या. कुठेतरी असेल. बघतो. या शनिवारी नक्की. ताई, सध्या फार गडबड आहे. एकदा तर तू म्हणालास की एवढं काय त्या जुन्या आवाजाचं, आता कितीतरी चांगले आवाज मिळतात. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि लॅबमध्ये हातातली कवळी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की सुळा तुटला. ज्याची होती त्या गृहस्थांना आठवडाभर पेजेवर राहावं लागलं. त्यांचंही पाप तुझ्या माथी. डिस्क अखेर तुझ्या बायकोनं शोधली. तुला न सांगता, तुझ्या लोकरी मोज्यात गुंडाळून कुरियर केली. तिला माझे आशीर्वाद सांग. मोजे परत पाठवणार नाही.

डिस्कवर फोल्डर होतं. मी ते उघडलं आणि नुसती बारीक बारीक तुकड्यांची यादी बघत बसले. बाबांना दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

आता इंटरनेटवरून सिस्टीम उतरवून घ्यायची तर तिथे तीन पर्याय. एकावर x64, एकावर x86, एकावर ARM. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना माझ्या लॅबच्या खुर्चीवर बसवून एकेक दाढ उपटावीशी वाटते. बत्तीस हा शब्दच कुठे नाही. मी आपलं शाळेतलं गणित लावलं. शहाऐंशी चौसष्टहून मोठे, म्हणजे ते त्याहून नवं असणार, ते नको. चौसष्ट तर नकोच. उरलं तिसरं, त्याला धड आकडाही नाही, म्हणजे साधंसुधं असेल. तेच घेतलं, पेन ड्राइव्हवर चढवलं, लावलं. लॅपटॉपनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा आवाजवालीला फोन. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, अगं, ARM ही प्रोसेसरची जातच वेगळी, आपल्या फोनमध्ये असतो तो. तुझ्या लॅपटॉपला त्याची भाषाच कळणार नाही. शहाऐंशी हे जुन्या घराण्याचं नाव, बत्तीसला लोक अजून त्याच नावानं ओळखतात. x64 हा त्याच घराण्यातला पुढचा मुलगा. तुला x86 हवंय. आणि सगळ्यात नवी सिस्टीम घेऊ नकोस, ती बत्तीसमध्ये येतच नाही, तिच्या आधीची घे.

मी तिला विचारलं, मग हा प्रोसेसर नक्की कितीचा? ती म्हणाली, चौसष्टचा. दोन्ही पेलतो. तेव्हा तुझं म्हणणं कागदोपत्री खरंच होतं, भुंग्या. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. प्रोसेसर पेलतो म्हणून तू लादलंस. वर कोण बसलंय, ते कशावर उभं आहे, ते बघितलंच नाहीस. माझ्याकडे माणूस आला की मी आधी त्याच्या जबड्याचं माप घेते, हिरडी कुठे दुखते ते विचारते, मग दात लावते. सगळ्यात नवे आणि सगळ्यात पांढरे आहेत म्हणून कुणाच्या तोंडात कोंबत नाही. तू चौसष्ट कला शिकलास, ऐकून घ्यायची तेवढी राहिली.

रविवारी सकाळी बसलो. बाबा शेजारच्या खुर्चीवर, मी पडद्यासमोर. प्रत्येक प्रश्न ते आधी वाचायचे, मग मला बोटानं खूण करायचे, मग मी बटण दाबायचे. एका ठिकाणी मी घाईत पुढे जायला निघाले तर टेबलाखाली धप्प आवाज झाला. बाबांनी जमिनीवर ब्रेक मारला होता. मी थांबले, पुन्हा वाचलं, भलतीच डिस्क पुसली जाणार होती. सिस्टीम चढली, प्रोग्राम बसला, फोल्डर जागेवर गेलं. चावी लावली. काही झालं नाही. मग तो हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि लागून राहिला. बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, सावकाश टाइप केलं, आणि लॅपटॉप म्हणाला, हं, किती वेळ लावलास. मी रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. ते पुढे म्हणाले, आयुष्यभर ड्रायव्हर तयार केले, शेवटी अडलो तेही ड्रायव्हरपायीच. मग दिवसभर बडबड. चिठ्ठ्यांवर लिहायला कंटाळले होते ते सगळं बाहेर आलं. आमटीत मीठ कमी होतं हेही पुन्हा, आवाजात.

शनिवारी क्लासला गेले. पहिलं वाक्य, हं, मागच्या वेळी ज्यांनी उतारावर न्यूट्रल लिहून घेतलं त्यांनी ते आधी खोडा. सगळा वर्ग हसला, आणि या वेळी बाबांना ते चाललं. हॉर्नकाका दारात उभे राहून नाक पुसत होते.

इथपर्यंत पत्र संपवलं असतं तर ते नुसतं रागाचं राहिलं असतं. पण परत येताना, मी गाडी चालवत होते आणि बाबा शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, तेव्हा त्यांनी टाइप केलं, मला भुंग्याकडे राहायला जायचंय. मी गाडी बाजूला घेतली. इंजीन बंद केलं आणि मनात होतं ते सगळं ओकले. ज्यानं आवाज पुसला त्याच्याकडे? ज्याला डिस्क शोधायला सवड नाही त्याच्याकडे? मी इथे राबतेय आणि आवाज परत आल्या आल्या तुम्हाला तो आठवला? बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते बोलले, मधून मधून थांबत, आणि मी रस्त्याकडे बघत ऐकत राहिले. म्हणाले, तो सिस्टीम टाकत होता तेव्हा मी झोपलो नव्हतो, शेजारीच बसलो होतो. चावीचं काहीतरी बिघडणार हे मला कळत होतं. थांबवता आलं असतं. पण सबंध दुपार तो माझ्याजवळ बसला होता. मला गोष्टी समजावून सांगत होता, पाणी आणून देत होता. थांबवलं असतं तर तो उठला असता. इतक्या वर्षांत तेवढा वेळ तो माझ्याजवळ बसला नव्हता. मी म्हटलं, आणि त्यासाठी तुम्ही आवाज जाऊ दिलात? ते म्हणाले, हं, मला वाटलं परत येईल, न आला असता तर चूक झाली असती. आणि मग म्हणाले, त्याला माझा आवाज सोसत नाही. मी टाइप करायला लागलो की तो माझ्या मागे येऊन उभा राहतो, आवाज निघायच्या आधी वाचून घेतो आणि उत्तर देतो, म्हणजे ऐकावं लागू नये. तू ऐकतेस, तो मला वाचतो. मला त्याच्याशी एकदा बोलायचंय.

भुंग्या, मी तुला माफ केलेलं नाही. ते फोन न वाजताच बाहेर जाणं का होतं, हे मला त्या गाडीत कळलं, आणि कळलं म्हणून राग कमी झाला असं समजू नकोस. उलट माझी झोप उडाली, कारण ज्या आवाजासाठी मी एवढी धडपडले तो आवाज तुझ्याकडे चाललाय आणि इथे परत चिठ्ठ्यासुद्धा उरणार नाहीत. पण निर्णय बाबांचा आहे आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलाय, त्यामुळे तो मला मोडता येत नाही. येत्या शुक्रवारी मी त्यांना गाडीत बसवून देते आहे. पुढे किती दिवस राहायचं ते तेच ठरवतील. हे पत्र त्यांच्या आधी पोहोचावं म्हणून लिहिलंय, कारण बरोबर लॅपटॉप येतोय. त्याला इंटरनेट जोडू नकोस. ती सिस्टीम जुनी आहे, तिला आता कुणी सांभाळत नाही. चावी काढू नकोस. आवाजाच्या फोल्डरची एक प्रत मी ठेवली आहे, एक आवाजवालीकडे पाठवली आहे, तिसरी तू करून घे आणि या वेळी कुठे ठेवलीस ते बायकोला सांग. उद्या मशीन बिघडलंच आणि पुन्हा सिस्टीम टाकायची वेळ आली, तर x86 लिहिलेली बत्तीसची घे, आणि आधी त्यांना विचार. मान हलवली म्हणून हो समजू नकोस, त्यांना टाइप करू दे. त्यांच्या मागे उभा राहू नकोस, समोर खुर्ची घेऊन बस. आधी ते ‘हं’ येईल, तेव्हा तुला उठून जावंसं वाटेल. वाक्य संपेपर्यंत बसून राहा.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई